चारी चाकं ओढणारी गाडी

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. अख्ख्या गावाला ते ठाऊक आहे, उगं लपवून काय उपयोग. विंचवाची, विजेची, बीडच्या दवाखान्यातल्या लिफ्टची, सगळ्याची मला भीती वाटते. वरातीत नवरदेवाच्या घोड्यापासून मी वीस पावलं लांब चालतो. किराणा दुकान चालवायला शौर्य लागत नाही म्हणून माझं निभावलं. गल्ल्यावर बसायचं, गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं, दिवेलागणीला शिवाचं नाव घ्यायचं, अशी पन्नाशी गेली.

आणि अशा माणसाच्या पोटी ही पोरगी आली. एकुलती एक. जनावरांची डॉक्टर झाली आणि शहरात नोकरी बघायची सोडून गावातच परत येऊन बसली. बसली म्हणजे काय, दोन मिनिटं एका जागी टिकली तर शपथ. चकलांब्याच्या बाजूला आमचा मुलूख सगळा काळ्या मातीचा, आणि अर्धं गाव शेतातल्या वस्त्यांवर राहतं. कुणाच्या शेळ्या फुगल्यात, कुणाची म्हैस चारा खात नाही, कुणाची गाय अडलीय. गाय अडली म्हणजे वासरू पोटात आडवं झालेलं असतं आणि बाहेर येत नाही. मग कोपरापर्यंत हात आत घालून ते सरळ करायचं. हे काम माझी लेक करते, हे मला लोकांनी सांगितलं, तिनं नाही. मी बघायला कधी गेलो नाही, माझ्याच्यानं बघवलं नसतं.

पावसाळ्यात काळी माती चाकाला अशी काही धरते की मोटारसायकल ढकलूनही हलत नाही. ती बांधावर टाकायची आणि औषधाची पेटी डोक्यावर घेऊन चालत वस्ती गाठायची. दोन पावसाळे तिनं असे काढले. मग एकदा संक्रांतीच्या आसपास जेवताना म्हणाली, "आप्पा, आता मोटारसायकलवर भागत न्हाई. पिकअप घ्यावं म्हणते."

"घे की," मी म्हणालो. "दुकानाच्या मालाला बी हुईल."

माझ्या डोळ्यांपुढं माजलगावचा मोंढा उभा राहिला. तिथून साखर, डाळ, तेलाचे डबे आणायला दर आठवड्याला टेम्पोवाल्याच्या मिनतवाऱ्या कराव्या लागायच्या. शिवाय बायकोचे गुडघे दुखायचे, तिला महिन्याला बीडला न्यावं लागायचं, आणि एस.टी.ची पायरी चढताना ती अक्षरशः रडायची. डबल केबिनची पिकअप घेतली की ती मागच्या सीटवर नीट बसेल, हौद्यात माल येईल, लेकीच्या पेट्या येतील, वेळ पडली तर एखादं आजारी वासरूही येईल. सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं.

"पण एक हाय," लेक म्हणाली. "चारी चाकं ओढणारी पायजे. फोर बाय फोर."

माझा घास हातातच राहिला.

साध्या पिकअपला इंजिनाचा जोर मागच्या दोनच चाकांना मिळतो, पुढची दोन नुसती फरपटत येतात. फोर बाय फोरची चारी चाकं जोर लावतात, म्हणून ती चिखलातून, वाळूतून, ओढ्यातून निघते. हे मला लेकीनं सांगायची गरज नव्हती. आणि त्या जोरापायी काय होतं, तेही आदल्या पावसाळ्यात मी डोळ्यांनी बघितलं होतं.

आमच्या रस्त्यावरच्या ठेंगण्या पुलावरून त्या दिवशी पाणी वाहत होतं. दोन्ही काठांवर माणसं थांबलेली, मीही थांबलेलो. तेवढ्यात एक ठेकेदार त्याची नवी जीप घेऊन आला. माझं गिऱ्हाईक होता तो. काच खाली करून मला म्हणाला, "आप्पा, येता का? सोडतो पलीकडं." मी नको म्हणालो. कुणीतरी त्याला थांब म्हणालं, तर दुसरा म्हणाला, "जाऊ द्या हो, फोर बाय फोर हाय ती." जीप पुलाच्या मध्यापर्यंत नीट गेली. मग ती पुढं जायची थांबली आणि आडवी सरकायला लागली, अगदी सावकाश. आम्ही सगळे बघत उभे होतो. दुसऱ्या दिवशी तो खाली बाभळीत सापडला, आणि मी त्याच्या मातीला जाऊन आलो.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच बसलं होतं. साधी गाडी असती तर तो माणूस काठावर थांबला असता. गाडीची ताकद माणसाच्या डोक्यात चढते आणि मग पाणी किती आहे ते त्याला दिसत नाही. आता तीच गाडी माझी लेक मागत होती.

भित्रा माणूस तोंडावर नाही म्हणत नाही, तो दुसऱ्याच्या तोंडून बोलतो. चहाच्या हॉटेलात मी हळूच विषय काढायचो आणि लोक जे बोलतील ते गोळा करून घरी आणायचो. एक म्हणाला, "डिझेल लई पेती बे ती." दुसरा म्हणाला, पुढच्या चाकांचं काम निघालं तर आपल्याकडं कुणाला जमत नाही, गाडी बीडला न्यावी लागते. तिसऱ्यानं तर विचारलं, "पोरीच्या हातात असला रणगाडा कावून देता?" मला पटेल तेवढं मी घरी बोलायचो. लेकीकडं प्रत्येकाचं उत्तर तयार असायचं. डिझेल लागलं तर लागू दे, रोज थोडीच चारी चाकं लावायचीत. बायको मधेच म्हणायची, "मला चढायला सोपी बघा, बाकी तुमचं तुमी बघा." ती तेवढी एकच व्यवहारी बाई आमच्या घरात.

बीडच्या बायपासवर गाड्यांची शोरूम आहेत, त्यातल्या एकात आम्ही गेलो. तिथला विक्रेता तिशीतला, बोलायला गोड. लेक म्हणाली, "चालवून बघितल्याशिवाय घेणार न्हाई, आन् डांबरीवर न्हाई." मग तो आम्हाला गावाबाहेरच्या एका मुरमाच्या खाणीत घेऊन गेला. खाण म्हणजे जमिनीला पडलेला मोठा खड्डा, कडेनं उतार, आणि तळाला उन्हाळ्यापर्यंत टिकणारा चिखल. लेक चालवायला बसली, तो तिच्या शेजारी, मी मागं. उतरायला सांगितलं असतं तर मी आनंदानं उतरलो असतो, पण तोपर्यंत गाडीचं नाक खाली झुकलं होतं.

मी वरचा दांडा दोन्ही हातांनी धरला. पुढच्या काचेत फक्त माती दिसत होती. शिवाचं नावही माझ्या तोंडातून अर्धंच निघालं. तळाशी गेल्यावर चाकं चिखलात फिरली, गाडी गुरगुरली, लेकीनं गिअरजवळचा एक दांडा ओढला आणि चारी चाकांनी गाडी तिथून निघून समोरचा चढ चढायला लागली. आता काचेत आभाळ होतं. वर आल्यावर लेकीनं मागं वळून माझ्याकडं बघितलं. तिचा चेहरा उजळला होता, तिनं मोठा श्वास सोडला आणि हसली. तिला मी इतकं हसताना कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं. ते हसू बघून मी म्हणालो मनात, गेली ही. चढली गाडी डोक्यात.

परत आल्यावर ती कागदपत्रं बघायला एका टेबलाशी बसली आणि मी विक्रेत्याला पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर नेलं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. ज्याला माल द्यायचा नाही, त्याला 'देत नाही' म्हणायचं नसतं. 'संपलाय, पुढच्या आठवड्यात येईल' म्हणायचं. माल मागं पोत्यात भरलेला असला तरी. त्यानं गिऱ्हाईकही दुखावत नाही आणि आपल्यालाही वाईट व्हावं लागत नाही. वडिलांनी मला ही रीत गल्ल्यावर बसवलं त्याच वर्षी शिकवली, आणि पुढं आयुष्यभर मी ती इतक्या वेळा वापरली की ते खोटं आहे हेच मी विसरून गेलो होतो. एका दुकानदारानं दुसऱ्याला सांगावं तसं मी त्याला सांगितलं, "चारी चाकांची मिळत न्हाई म्हणा. लई दिवस लागतेत म्हणा. साधी घेऊ आमी, आजच घेऊ."

तो गोंधळला. "काका, दोन उभ्या हायत मागं. मॅडमनं बघितल्या तर?"

"मागं कशाला जातीय ती. एकुलतं लेकरू हाय हो माझं."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग जमिनीकडं. गाडी एक विकायची ती दुसरी विकली, त्याचं काय बिघडणार होतं. तो आत गेला आणि माझ्या लेकीला म्हणाला की सॉरी मॅडम, आत्ताच समजलं, फोर बाय फोरला सहा महिने तरी लागतील, जास्तही लागतील.

"मला पावसाळ्याच्या आत पायजे होती," ती म्हणाली. थोडा वेळ तिनं हातातल्या कागदाकडं बघितलं. मग मला विचारलं, "काय करायचं, आप्पा?"

तिनं मला विचारलं, हे मला आजही सहन होत नाही. मी म्हणालो, "साधी घेऊन टाकू माय. आलीच तर पुढं बदलता येती." आणि तिनं मान हलवली.

पांढरी पिकअप दारात आली. बायकोनं कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. चढायला पायरी होती, ती स्वतःच्या पायानं चढली आणि खूश झाली. पहिली फेरी आम्ही कपिलधारला नेली, आमच्याकडं नवी गाडी आधी तिथंच जाते. तिथल्या स्वामींच्या समाधीपुढं मी डोळे मिटून उभा राहिलो, पण सुखरूप ठेव म्हणायला जीभ रेटेना. खोटं बोलून आलेला माणूस देवापुढं अडखळतोच. बाहेर आल्यावर मी सगळ्यांना पेढे वाटले.

उन्हाळा छान गेला. मोंढ्यातला माल घरच्या गाडीतून यायला लागला, बायकोचे गुडघे वेळेवर दवाखान्यात जायला लागले. मला वाटलं, काय वाईट झालं. सगळ्यांचंच बरं झालं की.

मग पाऊस लागला, आणि माझा हिशोब साफ चुकला. मला वाटलं होतं, गाडी साधी आहे म्हटल्यावर लेक चिखलाच्या वस्त्यांवर जाणार नाही. मी दुकानदार, माल नसला की गिऱ्हाईक परत जातं एवढंच मला माहीत. अडलेली गाय परत जात नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. फोन आला की लेक निघायचीच. ज्या वस्तीवर ती चारी चाकांनी गेली असती, त्याच वस्तीवर दोन चाकांनी जायला लागली.

एकदा ती कमरेपर्यंत चिखलानं माखून घरी आली. गाडी ट्रॅक्टरनं ओढून काढली होती. "मागं हौदा रिकामा, वजन न्हाई," ती म्हणाली. "चाक नुसतं जाग्यावर फिरत राहतंय." मग तिनं माझ्याकडून साखरेची रिकामी पोती मागून घेतली, त्यात वाळू भरली आणि मागच्या चाकांवर वजन म्हणून हौद्यात टाकली. पोत्यांची तोंडं मी शिवून दिली. महिन्या-महिन्याला ती त्या विक्रेत्याला फोन लावायची, "आली का हो?" आणि तो पलीकडून काय सांगतो ते ऐकायला मी श्वास रोखून बसायचो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तशी माझी गत. दोनदा मी तिला सांगायला गेलो. दोन्ही वेळा मागं फिरलो. आता मला पाण्याचीच भीती नव्हती, तिच्या तोंडाकडं बघायचीही भीती वाटायला लागली होती.

हस्ताचा पाऊस चालू होता. त्या दिवशी सकाळी आम्ही तिघं बीडला गेलो होतो, बायकोला दाखवायला. दुपारी परत येताना आमच्याकडं ऊन पडलं होतं, लांब वरच्या अंगाला मात्र आभाळ काळं झालेलं. गाव दोन कोस राहिलं असताना लेकीचा फोन वाजला. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची वस्ती, ओढ्याच्या पलीकडं. गाय सकाळपासून अडली होती.

"आधी तुमाला घरी सोडते," ती म्हणाली.

"सकाळपास्नं अडलीय म्हणतोय न्हवं त्यो," बायको म्हणाली. "जीव हाय तो. चल सरळ." बायकोला वरच्या आभाळाचं कुणी सांगितलं नव्हतं. मी बघितलं होतं, आणि मीही काही बोललो नाही.

ओढ्यात पाणी होतं, घोट्याच्या वर थोडंसं. पलीकडच्या काठावर म्हातारा उभा होता आणि हात हलवून या, या म्हणत होता. लेकीनं गाडी थांबवली, खाली उतरली, पाण्यात चालून बघितलं, परत आली. गाडी खाली घातली. अर्ध्यात गेलो आणि मागची चाकं वाळूत बसली. तिनं जोर दिला, चाकं घरघर फिरली आणि आणखी खाली गेली. वाळूची पोती हौद्यात नव्हती. आदल्या दिवशी मोंढ्यातला माल आणायचा म्हणून ती मीच उतरवून ठेवली होती.

पुढची दोन चाकं कठीण मुरमावर होती. मी खिडकीतून वाकून बघितलं, मला ती स्पष्ट दिसत होती. त्यांना जोर मिळाला असता तर गाडी एका दमात वर गेली असती, हे माझ्यासारख्या किराणा दुकानदारालाही समजत होतं.

"आप्पा, पाणी गढूळ झालंय," लेक म्हणाली.

वरून पाणी यायला लागलं की ते आधी गढूळ होतं, मग त्यावर काटक्या येतात. काटक्या आल्या होत्या. तिनं दार उघडलं. "उतरा. आईला दोघं मिळून नेऊ."

बायकोचे गुडघे पाण्यात वाकेनात. एका बाजूनं मी, एका बाजूनं लेक, असं तिला आम्ही आलो त्याच काठावर आणलं. तोवर पाणी आमच्या गुडघ्यांना लागलं होतं. मी बायकोला दगडावर बसवत होतो आणि मागं वळून बघितलं, तर लेक परत पाण्यात. मला वाटलं गाडीतलं सामान काढतीय. तिनं औषधाची पेटी डोक्यावर घेतली आणि ती पलीकडच्या काठाकडं निघाली.

मी ओरडलो. काय ओरडलो ते मला आठवत नाही. पाणी तिच्या मांड्यांपर्यंत होतं, ती पाय चाचपडत टाकत होती, एकदा तिचा तोल गेला आणि पेटी डोक्यावर तिरकी झाली. मला तिच्या मागं जायचं होतं. मी तीन पावलं गेलोही, आणि तिथं माझे पाय थिजले. माझी लेक पाण्यात आणि मी काठापासून तीन पावलांवर उभा, हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आज इथं लिहितोय. म्हाताऱ्यानं पलीकडून काठी पुढं केली, तिनं ती धरली आणि वर चढली. एकदाही मागं न बघता ती त्याच्याबरोबर वस्तीकडं पळत गेली.

पाच मिनिटांत ओढा भरला. गाडीच्या दारापर्यंत पाणी चढलं, मग गाडी हलली, आडवी झाली आणि सावकाश सरकायला लागली. ते सावकाश सरकणं मला ओळखीचं होतं. तिचा फोन गाडीतच होता, पलीकडं विचारायला काही साधन नव्हतं. गाडी थोडी खाली जाऊन एका चिंचेच्या झाडाला अडकून थांबली. आत कुणी नव्हतं, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होतो.

बायको दगडावर बसून रडत होती. मधेच म्हणाली, "त्या मेल्या गाडीच्या दुकानदाराला एक गाडी देता आली न्हाई का माझ्या पोरीला? कावून एवढे महिने लावायलाय त्यो?"

मी तिला सगळं सांगून टाकलं. तिथंच, पाण्याकडं बघत. तिनं रडणं थांबवलं. माझ्याकडं अशी बघत राहिली की जणू मी दारावर आलेला कुणी परका माणूस आहे. मग म्हणाली, "तिला तुमी सांगायचं. आजच. मी न्हाई सांगणार."

पुढचे दोन-अडीच तास कसे गेले ते मला नका विचारू. ती सुखरूप वर चढली हे डोळ्यांनी बघूनही माझा विश्वास बसत नव्हता. परत यायला उतरली तर, कुणाचं न ऐकता उतरली तर, हेच चक्र. गावातली माणसं जमली, ट्रॅक्टर आला. ऊन कलता कलता पाणी उतरायला लागलं, आणि ते ट्रॅक्टरच्या निम्म्या चाकावर आलं तसा ट्रॅक्टरवाला पलीकडं गेला आणि तिला मडगार्डवर बसवून घेऊन आला.

ती उतरली. कपडे चिखलानं आणि रक्तानं भरलेले. आईनं तिला कवटाळलं. मी विचारलं, "गाय?"

"गाय वाचली," ती म्हणाली. "वासरू गेलं. उशीर झाला."

माणसं गाडी काढायला खाली गेली. ती ओढ्याच्या काठाशी बसून हात धूत होती, मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. पाचावर धारण बसली होती, पण आता मागं फिरलो असतो तर पुन्हा कधी बोललो नसतो.

"माय, ती गाडी होती," मी म्हणालो. "चारी चाकांची. त्या दिवशी शोरूमच्या मागं दोन उभ्या होत्या. न्हाई म्हणायला मीच सांगितलं त्याला."

तिचे हात पाण्यात थांबले.

"कावून, आप्पा?"

"भीती वाटली. तसली गाडी घेतली की तू कुठंबी घालशील, त्या ठेकेदारावानी. तुला कशाची भीतीच वाटत न्हाई न्हवं."

तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत राग असेल असं मला वाटलं होतं. रागही होता.

"कुणी सांगितलं तुमाला?" ती म्हणाली. "प्रत्येक ओढ्यात उतरताना मला भीती वाटते. फोन वाजला तरी वाटते. आत्ता पाण्यात हुते तवा वाटलं, संपलं सगळं. भीती वाटते म्हणूनच तर ती गाडी मागत हुते मी."

जन्मभर मी भीती माझी एकट्याची म्हणून सांभाळली होती, माझ्या लेकीला ती असेल असं मला एकदाही वाटलं नाही. तिनं हात पाण्यातून बाहेर काढले. ते झटकून ती उठली आणि माणसं गाडी काढत होती तिकडं निघाली, आणि मी तिच्या मागं गेलो.